वीस लेव्हलचा तक्ता आणि पेन्सिलीने लिहिलेली शपथ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या कासारवडवलीहून नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याला एका नव्या ग्रुपमध्ये खेळायला जाणार आहात, एक आड एक रविवारी. डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून आपापलं पात्र, म्हणजे कॅरेक्टर, वठवायचा खेळ), २०२४चे नियम, सुरुवात पहिल्या लेव्हलपासून, पाच खेळाडू. तुम्ही एक्सेलमध्ये पॅलाडिन ६ आणि सॉर्सरर १४ (सहा लेव्हल शपथबद्ध योद्ध्याच्या, चौदा जन्मजात जादूगाराच्या) असा पूर्ण वीस ओळींचा तक्ता केला आहे, शिवाय सहा पानांची बॅकस्टोरी. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, "एवढं कशाला? खेळता खेळता ठरव." मित्र म्हणतो, "आधी नाही आखलंस तर बिल्डची वाट लागेल." दोघांतलं कोणाचं ऐकायचं?

दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, म्हणून दोघंही बरोबर वाटताहेत. मित्र बिल्डबद्दल, म्हणजे कॅरेक्टरच्या आकड्यांच्या मांडणीबद्दल बोलतोय, डीएम माणसाबद्दल. "आधी की आयत्या वेळी" असा एकच सवाल अख्ख्या कॅरेक्टरला लावला की गोंधळ होतो. त्याऐवजी तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. हा निर्णय प्रत्यक्षात कधी घ्यावा लागणार आहे? आणि चुकला तर परत फिरता येतं का? जो आज घ्यावाच लागतो आणि मागे घेता येत नाही, तेवढाच आज पक्का करा. बाकीचे थांबू शकतात, आणि बहुतेक वेळा थांबल्यानेच चांगले होतात.

आता तुमच्याच पॅलाडिनवर हे लावून बघू.

मागे न घेता येणारी पहिली गोष्ट म्हणजे पहिला क्लास, कॅरेक्टरचा पेशा. पॅलाडिनने सुरुवात केलीत तर हेवी आर्मरची (जड चिलखताची) प्रोफिशियन्सी, म्हणजे ते वापरण्याचं कौशल्य, मिळते. सॉर्सररने सुरुवात करून नंतर पॅलाडिन घेतलात तर हेवी आर्मर येत नाही, मीडियमवरच भागवावं लागतं. उलट सॉर्सररने सुरुवात केली तर कॉन्स्टिट्यूशन सेव्हची (संकट टाळायला टाकायच्या फाशाची) प्रोफिशियन्सी मिळते, जी स्पेलवरचं कॉन्सन्ट्रेशन टिकवायला उपयोगी पडते. पॅलाडिनने सुरुवात केल्यास ती नाही, विस्डम आणि करिष्मा सेव्ह मिळतात. पुढे तलवार घेऊन पहिल्या रांगेत उभं राहायचं असेल तर पॅलाडिन आधी. तुमच्या तक्त्यात ते तसंच आहे, उत्तम.

दुसरी गोष्ट म्हणजे सहा अ‍ॅबिलिटी. पॉइंट बाय पद्धतीत ताकद, चपळाई वगैरेंचे हे आकडे विकत घ्यायला २७ पॉइंट असतात; ८ फुकट, १३पर्यंत दर पायरीला एक पॉइंट, मग १४ला एकूण ७ आणि १५ला ९. तुमच्या कॅरेक्टरला मी असं मांडेन: स्ट्रेंग्थ १५, डेक्सटेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १३, इंटेलिजन्स ८, विस्डम १०, करिष्मा १५. बेरीज करून बघा, ९ + २ + ५ + ० + २ + ९, बरोबर २७. बॅकग्राउंड (कॅरेक्टरची पार्श्वभूमी) नोबल, म्हणजे उमराव, घेतलंत तर त्याचे वाढीव पॉइंट स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स आणि करिष्मा यांतच टाकता येतात. स्ट्रेंग्थला २, करिष्म्याला १ द्या. म्हणजे १७ आणि १६. सतरा हा विषम आकडा बघून हळहळू नका (फायदा सम आकड्यालाच वाढतो). २०२४च्या नियमांत चौथ्या लेव्हलला मिळणाऱ्या बहुतेक फीट (खास क्षमता) सोबत एखाद्या अ‍ॅबिलिटीला १ देतात, तेव्हा तिथे १८ होणार आहे. हा हिशेब मात्र आधी करायला लागतो. चौथ्या लेव्हलला पोहोचून स्ट्रेंग्थ १६ निघाली तर तो एक पॉइंट लटकून राहतो.

इथेच तुमच्या मित्राचं म्हणणं खरं ठरतं. मल्टिक्लास करायला, म्हणजे त्याच कॅरेक्टरला दुसरा क्लास जोडायला, जुन्या आणि नव्या दोन्ही क्लासच्या मुख्य अ‍ॅबिलिटीत किमान १३ लागतात. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिष्मा दोन्ही. कोणी "बघू पुढे" म्हणत डेक्सटेरिटीवर चालणारा, स्ट्रेंग्थ ८ असलेला पॅलाडिन केला, तर तो सातव्या लेव्हलला सॉर्सरर होऊ शकत नाही, आणि हे कळतं तेव्हा एक वर्ष उलटलेलं असतं. असा खेळाडू मग डीएमकडे सूट मागतो, डीएम बिचारा देतोही, पण बाकीच्या चौघांना ते खटकतं.

पण आता याची दुसरी बाजू बघा. वरच्या मांडणीत स्ट्रेंग्थ १७ आणि करिष्मा १६ आहे. याच आकड्यांवर सॉर्सरर, बार्ड आणि वॉरलॉक या करिष्म्यावर चालणाऱ्या तिन्ही क्लासची दारं उघडी आहेत, आणि त्यासाठी तुम्ही एकही पॉइंट जादा मोजलेला नाही, कारण पॅलाडिनला हे दोन्ही आकडे तसेही हवेच असतात. म्हणजे "सॉर्सरर १४" ही ओळ आज ठरवण्याची गरजच नाही. ती सातव्या लेव्हलला ठरवायची आहे.

सातवी लेव्हल म्हणजे कधी? हा हिशेब कोणी करत नाही, आणि वीस लेव्हलचे तक्ते तिथेच फसतात. वर्षात एक आड एक रविवार म्हणजे २६. त्यातून गणपती, दिवाळी, कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न, आणि लोकलच्या मेगाब्लॉकमुळे निम्मा ग्रुप ठाण्यातच अडकलेला एखादा रविवार वजा करा. १९-२० सत्रं झाली तरी ग्रुप शिस्तीचा म्हणायचा. एक्सपी (अनुभवाचे गुण) न मोजता टप्प्याटप्प्याने लेव्हल देणारा डीएम धरा: पहिल्या सत्रानंतर दुसरी लेव्हल, तिसऱ्या सत्राअखेर तिसरी, पुढे दर चार सत्रांना एक. मग पाचवी लेव्हल ११व्या सत्राला, सातवी १९व्या सत्राला, अकरावी ३५व्या, आणि विसावी ७१व्या सत्राला. ७१ सत्रं म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. त्या अवधीत ग्रुपमधला कोणी पुण्याला जातो, कोणाला बाळ होतं, डीएमलाच नवी मोहीम सुचते. तुमच्या तक्त्यातल्या शेवटच्या बारा ओळी बहुधा कधीच खेळल्या जाणार नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधल्या ओळी कशा खेळायला लागतील ते. पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अ‍ॅटॅक, सहाव्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन: दहा फुटांच्या आतल्या सोबत्यांच्या सेव्हना तुमच्या करिष्म्याचा मॉडिफायर, म्हणजे त्या आकड्यावरून येणारा बोनस, मिळतो, म्हणजे १६ला ३. इथपर्यंत मजा आहे. मग सातवीपासून दहावीपर्यंत तुम्ही सॉर्सररच्या एक ते चार लेव्हल चढणार. शील्डसारखा स्पेल लगेच मिळतो, ते चांगलंच. पण फीट क्लासच्या लेव्हलप्रमाणे मिळते, कॅरेक्टरच्या एकूण लेव्हलप्रमाणे नाही. त्यामुळे दुसरी फीट सॉर्सररच्या चौथ्या, म्हणजे एकूण दहाव्या लेव्हलला. कोरा पॅलाडिन ती आठव्यालाच घेतो. आणि तुम्ही ज्याच्यासाठी हा खटाटोप करताय असा माझा अंदाज आहे, तो फायरबॉल स्पेल सॉर्सररच्या पाचव्या, म्हणजे एकूण अकराव्या लेव्हलला येणार. ३५वं सत्र. ग्रुपमधल्या विझार्डने तो पाचव्या लेव्हलपासून, म्हणजे २४ सत्रं आधीपासून मारलेला असेल. तक्त्यात ही फक्त एक ओळ दिसते, टेबलावर ते पावणेदोन वर्षं वाट बघणं असतं. बिल्ड वाईट नाही. फक्त शेवटच्या ओळीकडे बघून आखलेलं बिल्ड आणि प्रत्यक्ष बसून खेळायचं बिल्ड यांत हा फरक पडतो. म्हणून सहा लेव्हलपर्यंतच आखा, आणि प्रत्येक लेव्हलला विचारा, "मोहीम इथेच संपली तर हे कॅरेक्टर खेळायला मजा आली असती का?"

स्पेलच्या बाबतीत काळजी सर्वात कमी. पॅलाडिन लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) तयार स्पेलमधला एक बदलू शकतो, क्लेरिक, ड्रुइड आणि विझार्ड तर हवे तेवढे बदलतात, सॉर्सरर, बार्ड, वॉरलॉक लेव्हल वाढताना एक. शस्त्रांची मास्टरीही (त्यांची खास करामत) लाँग रेस्टनंतर बदलता येते. त्यामुळे तक्त्यातला स्पेलचा रकाना सरळ उडवा. दोन सत्रं खेळल्यावर डीएम भुतं आणतोय की दरबारी कारस्थानं हे कळेल, त्यावरून निवडा. फक्त लेव्हल वाढवण्याचं काम टेबलावर करू नका. पंचवीस मिनिटं पुस्तक चाळणारा एक खेळाडू म्हणजे हात बांधून बसलेले बाकीचे पाच जण.

इथवर आकडे झाले. आता माणूस.

पॅलाडिन निवडलात हे या प्रश्नासाठी भाग्याचंच, कारण त्याच्या शपथेची वेळ खेळानेच पुढे ढकलली आहे. २०२४च्या नियमांत सगळे सबक्लास (क्लासच्या उपशाखा) तिसऱ्या लेव्हलला येतात, आणि पॅलाडिनचा सबक्लास म्हणजेच त्याची शपथ. डिव्होशन, ग्लोरी, एन्शंट्स, व्हेन्जन्स या चारही शपथा करिष्म्यावरच चालतात, म्हणजे यातली कुठलीही घेतली तरी तुमच्या वरच्या आकड्यांना धक्का लागत नाही. तुम्ही तक्त्यात "व्हेन्जन्स" लिहून टाकलंय आणि बॅकस्टोरीची सहा पानं त्या सूडाला वाहिली आहेत. समजा पहिल्या तीन सत्रांत तुमच्या कॅरेक्टरने शरण आलेल्या दरोडेखोराला सोडून दिलं, त्याच्या पोराला भाकरी दिली. मग चौथ्या सत्राला सूडाची शपथ घेताना टेबलावर सगळ्यांना ते खोटं वाटणार, तुम्हालाही. शपथ पेन्सिलीने लिहा. डीएमला आजच सांगून ठेवा, की तिसऱ्या लेव्हलला शपथेचा प्रसंग हवाय, पण कुठली ते तोवरच्या वागण्यावरून ठरेल. कुठल्याही डीएमला याहून आवडतं वाक्य ऐकवता येणार नाही.

सहा पानांचं काय करायचं? फाडू नका, पण डीएमला पाठवूही नका. त्याच्याकडे पाच खेळाडू आहेत आणि प्रत्येकाचे दोन-तीन धागेच तो कथेत गुंफू शकतो. उरलेलं वाचायचं राहून जातं आणि तुम्ही आठवण करून देत बसता. मोठ्या बॅकस्टोरीतला खरा दोष लांबीचा नाही. त्यात सगळं घडून गेलेलं असतं. कॅरेक्टर प्रेमात पडलं, फसवलं गेलं, शिकलं, कठोर झालं. आता ते टेबलावर येऊन काय करणार? उत्सुकता संपलेलं माणूस खेळायला जड जातं.

डीएमसाठी आठ वाक्यं पुरतात, आणि त्यांत या गोष्टी असाव्यात: नाव, या महिन्यात त्याला काय हवंय (आयुष्यात नाही, या महिन्यात: "बहिणीचं गहाण पडलेलं शेत सोडवायचंय" चालेल, "सत्य शोधायचंय" चालणार नाही), एक जिवंत व्यक्ती जिचं त्याच्यावर ऋण आहे किंवा उलट, एक गोष्ट जी तो कधीच करणार नाही, आणि बाकीच्या चौघांबरोबर तो का जातोय. हे शेवटचं सगळ्यांत जास्त विसरलं जातं. "माझा माणूस एकलकोंडा आहे" असं म्हणणाऱ्या खेळाडूला ओढत नेण्यात पहिल्या दोन सत्रांचा अर्धा वेळ जातो. एकलकोंडा असू द्या, पण त्याच्याकडे न जाण्याहून मोठं जाण्याचं कारण हवं.

उरलेल्या जागा मुद्दाम रिकाम्या सोडा. कोऱ्या नाही, गाळलेल्या जागांसारख्या: "मी मठ सोडला कारण ______." "माझ्या ढालीवरचं चिन्ह खरवडलंय, ते ______चं होतं." कडा पक्क्या, मधलं पोकळ. कोणी विचारलं की तिथे भरायचं. अगदीच काही न ठरवता गेलात तर पहिल्याच "तू कुठून आलास?" या प्रश्नाला तोंडाला कुलूप लागतं, किंवा घाईत विनोद निघतो आणि तो विनोद दोन वर्षं निस्तरावा लागतो. टेबलाटेबलावर आढळणारे बटाट्याच्या नावाचे योद्धे असेच जन्माला येतात.

दशावतार पाहिला असेल तर हे पटकन लक्षात येईल. ठाण्यात कोकणातली माणसं काही कमी नाहीत. तिथे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, कोण कोणाचं सोंग घेणार ते ठरलेलं, संवाद मात्र रंगमंचावर आयत्या वेळी. पण राजाचं सोंग घेतलेल्या नटाला राजा कसा बसतो, कसा बोलतो, कशाने चिडतो हे पुरतं माहीत असतं, म्हणून संवाद सुचतात. तुमच्या आठ वाक्यांचं काम तेच.

आयत्या वेळी उत्तर द्यायची वेळ आली की काय करायचं, तेही सांगतो, कारण "सुचेल ते बोल" हा सल्ला नवशिक्याच्या काहीच उपयोगाचा नाही. उत्तर लहान आणि नेमकं द्या. "माझा भूतकाळ काळोखा आहे" याच्यावर पुढे काही बांधता येत नाही. "मी दोन वर्षं मिठाच्या गोदामावर राखणदार होतो" याच्यावर डीएम गोदामाचा मालक आणू शकतो. शक्यतो आधीच आलेल्या नावाला जोडा, नवं नाव काढू नका. मागच्या सत्रात एक सराईवाली येऊन गेली असेल तर तुमच्या आईची मैत्रीण तीच असू दे. आणि स्वतःच्या सोयीचं काही आयत्या वेळी निर्माण करू नका. राजा तुमचा मामा निघणं हे इम्प्रोव्हायझेशन नाही, लबाडी आहे. फायदा मिळवून देणारी गोष्ट सुचली तर ती प्रश्न म्हणून डीएमकडे टाका: "इथल्या पहाऱ्यावर मठातलं ओळखीचं कोणी असेल का?" तो हो म्हणाला की झालं. कधी कधी तो हो म्हणतो आणि तो ओळखीचा माणूस तुमच्यावर खार खाऊन असतो, तेही मजेचंच.

एक सवय मात्र लावून घ्या. सत्र संपल्यावर, परतीच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसल्या बसल्या, फोनवर दोन ओळी लिहा: आज माझ्या कॅरेक्टरबद्दल नवीन काय बोललं गेलं, आणि त्याने कोणाला काय वचन दिलं. ठाणं येईपर्यंत लिहून होतं. घरी जाऊन लिहू म्हटलं की राहिलं. त्या दोन ओळी डीएमला व्हॉट्सअ‍ॅप करा. आयत्या वेळी घडवलेली कॅरेक्टरं बहुतेकदा कल्पना कमी पडल्याने नाही, विसरल्याने मोडतात: तिसऱ्या सत्रात भाऊ मेलेला असतो, नवव्यात त्याचं पत्र येतं. टेबलावर मोठ्याने बोललं गेलं ते खरं, वहीत आहे पण अजून बोललं गेलेलं नाही ते बदलायला मोकळं, एवढा नियम पुरतो. तुमच्या सहा पानांनाही तोच लावा. त्यातलं आवडेल ते टेबलावर संधी मिळेल तसं बोला. बोलेपर्यंत ते घडलेलं नाही.

मराठीत खेळणार असाल (कोपरखैरण्याच्या टेबलावर मराठी-हिंदी-इंग्रजीची भेळच असणार) तर एक फुकटचं हत्यार तुमच्याकडे आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत तुमचा पॅलाडिन सरदाराला "आपण" म्हणतो, "तुम्ही" की सरळ "तू", हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं, आणि त्यातून अर्धं कॅरेक्टर उभं राहतं. नोबल बॅकग्राउंडचा माणूस सराईतल्या पोऱ्यालाही "अहो" म्हणत असेल तर टेबलावरचे चारही जण विचारतील, हा असा का? ते तुम्हाला आज माहीत नसलं तरी चालेल. ती गाळलेली जागा झाली. एवढी काळजी घ्या, की आगरी किंवा मालवणी बोली फक्त गावंढळ किंवा खलनायकी पात्रांना देऊ नका. तिकडच्या टेबलावर गावठाणातलं कोणी बसलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे, आणि ती बोली त्यांच्या आजीची आहे.

"माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं" हे वाक्य दोन्ही पंथांचे लोक वापरतात, आधी आखणारे जास्त. सोबत्याची चोरी करणं, ठरलेला बेत उधळणं, मग हे वाक्य. कॅरेक्टर तुम्ही बनवलंय. एका प्रसंगात ते तीन प्रकारे वागू शकलं असतं, त्यातला बाकीच्यांना खेळायला जागा देणारा प्रकार निवडा.

हे सगळं तुमच्या परिस्थितीला धरून आहे, ती बदलली तर उत्तरही बदलतं. एकाच बैठकीत संपणारा वन-शॉट असेल तर सगळं आधी ठरवून जा, शपथेसकट. तिथे माणूस घडायला वेळ नसतो. सुरुवातच पाचव्या लेव्हलपासून असेल तर आधीच्या चार लेव्हलमध्ये काय घडलं ते आठ वाक्यांत यायला हवं. कॅरेक्टरं पटापट मारणारा डीएम असेल तर तीन वाक्यं, आणि दुसरं कॅरेक्टर पिशवीत तयार. खेळही बघा. पाथफाइंडर या अशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत रीट्रेनिंगची सोय नियमांतच आहे, मोकळ्या वेळातला एक आठवडा घालवून फीट बदलता येते, तेव्हा चुकीची भीती कमी. डंजन्स अँड ड्रॅगन्सची जुनी ३.५ आवृत्ती खेळणारं कोणी भेटलं तर मात्र तुमच्या मित्राचंच ऐका, कारण तिथे एक फीट दुसरीच्या डोक्यावर उभी असते आणि प्रेस्टीज क्लासच्या (पुढे मिळणाऱ्या खास क्लासच्या) अटी चार-पाच लेव्हल आधीपासून जमवाव्या लागतात. आखण्याचा तो हट्ट बऱ्याच जुन्या खेळाडूंना तिथूनच लागलाय.

डीएमला रविवारच्या आधी तीन प्रश्न विचारून घ्या: लेव्हल एक्सपीने देणार की टप्प्याने, मोहीम साधारण कुठल्या लेव्हलपर्यंत न्यायचा विचार आहे, आणि पहिल्या चार लेव्हलमध्ये कॅरेक्टर नाही जमलं तर आकडे बदलू देणार का. तिसऱ्याला बरेच डीएम हो म्हणतात, फक्त आधी विचारलेलं त्यांना आवडतं. तो म्हणाला की मोहीम आठव्या लेव्हलला संपणार, तर सॉर्सरर विसरा आणि आठव्याची फीट घ्या. बारापर्यंत नेणार असेल तर सहाव्या लेव्हलला, साधारण १५व्या सत्राच्या सुमारास, एक्सेल पुन्हा उघडा. तोवर सातव्या ओळीपासून खालचं सगळं हाइड करून ठेवा, आणि वरच्या सहांतल्या तिसऱ्या ओळीत शपथेचा रकाना रिकामा करा.